शेणखत पसरणी यंत्र निवडताना आधी आपला उकिरडा तपासावा

पेरणीपूर्व मशागतीच्या दिवसांत शेतात ठिकठिकाणी शेणखताचे लहान ढीग ओतून ठेवले जातात आणि सवड मिळेल तेव्हा ते फावड्याने विस्कटले जातात. या पद्धतीत दोन नुकसाने होतात. उन्हात पडून राहिलेल्या ढिगातील नत्राचा काही भाग अमोनियाच्या रूपाने हवेत उडून जातो. आणि जिथे ढीग होता त्या जागेवरचे पीक गर्द हिरवे होऊन लोळते, तर दोन ढिगांच्या मधले पीक फिकट राहते. चांगल्या कुजलेल्या शेणखतात साधारणपणे ०.५ टक्के नत्र, ०.२ टक्के स्फुरद आणि ०.५ टक्के पालाश धरले, तर हेक्टरी १० टन खतातून सुमारे ५० किलो नत्र, २० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश जमिनीत जाते. ज्या पट्ट्यात खत दुप्पट पडले तिथे १०० किलो नत्र आणि ज्या पट्ट्यात निम्मे पडले तिथे केवळ २५ किलो, अशी तफावत एकाच शेतात तयार होते, आणि नंतर वरखताची मात्रा कितीही काळजीपूर्वक ठरवली तरी ती भरून निघत नाही. म्हणून पसरणी यंत्राचे खरे मोल त्याने वाचवलेल्या मजुरीइतकेच त्याने साधलेल्या सारखेपणात असते, आणि यंत्र घेताना हीच कसोटी सर्वांत आधी लावावी.

यंत्र पाहायला जाण्यापूर्वी आपल्या उकिरड्यातले खत हातात घेऊन पाहावे. पूर्ण कुजलेले, भुसभुशीत, ओलसर खत जवळजवळ कोणत्याही यंत्रातून नीट पडते. अडचण येते ती अर्धवट कुजलेल्या, काड्या आणि पाचट असलेल्या लांब धाग्याच्या खतात. असे खत बीटरवर, म्हणजे खत फोडून फेकणाऱ्या दातेरी फिरत्या दांड्यावर, गुंडाळले जाते, डब्याच्या सरकत्या तळावरून एकसंध गठ्ठ्याने पुढे येते आणि मध्येच अडकून बसते. पातळ, शेणकाल्यासारखे खत मागच्या बाजूने उघड्या यंत्रात भरले तर ते रस्त्यातच गळत जाते. कोंबडीखताचा प्रश्न आणखी वेगळा आहे, कारण ते कोरडे, हलके आणि नत्राने समृद्ध असल्यामुळे हेक्टरी दोन-तीन टन इतक्या कमी मात्रेने पसरावे लागते, आणि एवढी कमी मात्रा नियंत्रित करणे साध्या यंत्राला जमत नाही. उकिरड्यात दगड, विटांचे तुकडे, नायलॉनची दावी, सुतळ्या किंवा प्लास्टिकच्या गोण्यांचे तुकडे किती सापडतात, हेही प्रामाणिकपणे पाहावे. या वस्तू बीटरचे दाते वाकवतात, बेअरिंगपाशी गुंडाळल्या जातात आणि दगड तर दूरवर भिरकावले जातात. माझ्या मते उकिरड्यात दावी आणि प्लास्टिक न टाकण्याची शिस्त लावणे हा यंत्राचे आयुष्य वाढवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

खताचे वजन समजण्यासाठी १० लिटरची बादली पुरते. बादली न दाबता खताने भरावी, वजन करावे, बादलीचे स्वतःचे वजन वजा करावे आणि उरलेल्या किलोंना १०० ने गुणावे. एका घनमीटर खताचे वजन मिळते. बादलीत ६ किलो खत मावले तर घनमीटरला ६०० किलो, ९ किलो मावले तर ९०० किलो. म्हणजे यंत्राचा ३ घनमीटरचा एकच डबा एका शेतकऱ्याकडे १.८ टन भार वाहील आणि दुसऱ्याकडे २.७ टन. विक्रेता क्षमता घनमीटरमध्ये सांगतो, पण आस, टायर आणि ट्रॅक्टर यांना भार टनांत सोसावा लागतो, त्यामुळे ही बादलीची मोजणी टाळू नये.

आता यंत्रांच्या प्रकारांकडे वळू. सर्वांत साध्या रचनेत डब्याच्या तळाशी साखळीवर बसवलेल्या पट्ट्या खत मागे सरकवतात आणि मागचे आडवे बीटर ते फोडून खाली टाकतात. फेक डब्याच्या रुंदीपेक्षा थोडीच जास्त असते, फेऱ्या जास्त होतात, पण रचना सोपी असून दुरुस्ती जवळपास कुठेही होऊ शकते. उभ्या बीटरची यंत्रे खत दोन्ही बाजूंना लांब फेकतात, लांब धाग्याचे खत बऱ्यापैकी फोडतात आणि फेऱ्या कमी करतात. त्यांना ताकद मात्र अधिक लागते. आडव्या बीटरखाली फिरत्या तबकड्या बसवलेली यंत्रे कोरडे कंपोस्ट आणि कोंबडीखत कमी मात्रेत व रुंद पसरण्यासाठी उत्तम, परंतु ओले आणि चिकट खत तबकड्यांवर थापले जाते. शेणकाल्याजवळ जाणाऱ्या खतासाठी बंद तळाचे, बाजूने फेकणारे यंत्रच घ्यावे. सर्व प्रकारची खते सारख्याच गुणवत्तेने पसरवील असे एक यंत्र शोधण्यात वेळ घालवू नये. वर्षभरात आपल्याकडे जे खत सर्वाधिक निघते त्यासाठीच निवड करावी.

यंत्राला गती कुठून मिळते, हाही महत्त्वाचा मुद्दा आहे. चाकावर चालणाऱ्या यंत्रात पुढे जाण्याचा वेग आणि खत सरकण्याचा वेग जोडलेला असतो, त्यामुळे ट्रॅक्टर हळू किंवा जलद गेला तरी मात्रा फारशी बदलत नाही, आणि लहान ट्रॅक्टरलाही ते झेपते. भुसभुशीत किंवा ओल्या रानात मात्र चाके घसरतात आणि खत अडकले तर यंत्र उभे असताना डबा रिकामा करता येत नाही. पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या इंजिनाची ताकद यंत्राला देणाऱ्या मागच्या फिरत्या शाफ्टवर, चालणाऱ्या यंत्रात ताकद भरपूर मिळते, परंतु पीटीओची गती कायम ठेवून ट्रॅक्टर जलद नेला की मात्रा कमी होते, म्हणून चालकाला एकच गिअर आणि एकच वेग सांभाळण्याची सवय करावी लागते. यंत्र मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या पीटीओसाठी आहे की १००० फेऱ्यांच्या, हे आपल्या ट्रॅक्टरशी जुळवूनच पाहावे. अश्वशक्ती पुरेशी असली तरी ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन आणि ब्रेक भरलेल्या यंत्राला आवरू शकतात का, हा प्रश्न वेगळा आहे आणि उताराच्या जमिनीवर तोच निर्णायक ठरतो. एका आसाच्या यंत्रात खत मागे सरकत गेले की ड्रॉबारवरचा, म्हणजे यंत्र ट्रॅक्टरला जोडणाऱ्या दांड्यावरचा, भार कमी होतो आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड ढिली पडते. उतारावर काम करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

डब्याच्या आकाराबद्दल बहुतेकांचा कल मोठ्याकडे असतो, म्हणून एक साधा हिशेब मांडतो. समजा ४० टन खत टाकायचे आहे. २ टनांच्या यंत्राला भरायला १० मिनिटे, जाण्यायेण्याला १० मिनिटे आणि पसरायला ५ मिनिटे लागली, तर २० खेपांना ५०० मिनिटे होतात. ३ टनांचे यंत्र घेतले तर भरणे १५, जाणेयेणे १० आणि पसरणे साडेसात मिनिटे धरून १४ खेपांना ४५५ मिनिटे लागतात. एवढा मोठा डबा घेऊन वाचला पाऊण तास. याउलट २ टनांचेच यंत्र ठेवून लोडरने ते ४ मिनिटांत भरले, तर काम ३८० मिनिटांत, म्हणजे दोन तास आधी संपते. उकिरडा शेतापासून फार दूर असेल तेव्हा मोठा डबा खरोखर उपयोगी पडतो. एरवी भरण्याची सोय आधी सुधारावी. डब्याची रुंदी आपल्या लोडरच्या बकेटपेक्षा जास्त आहे ना, हेही मोजून घ्यावे. शिवाय मोठा डबा म्हणजे आसावर जास्त भार, आणि ओलसर जमिनीत तो खोलवर घट्टपणा निर्माण करतो, जो वरवरच्या मशागतीने सुटत नाही. रुंद टायर आणि हवेचा योग्य दाब यांनी त्रास कमी होतो, तरी वाफसा नसताना भरलेले यंत्र रानात घालू नये.

घडणीत सर्वांत आधी तळ आणि साखळी पाहावी, कारण खताचा ओलावा आणि क्षार पत्र्याला तिथूनच खायला सुरुवात करतात. बीटरच्या ड्राइव्हला शिअर बोल्ट (जास्त ताण आला की स्वतः तुटून यंत्र वाचवणारा बोल्ट) आहे का, बीटरचे दाते स्वतंत्रपणे बदलता येतात का, साखळीचा ताण बाहेरून जुळवता येतो का, ग्रीसच्या निपलांपर्यंत हात पोहोचतो का, आणि पीटीओ शाफ्टवर अखंड संरक्षक आवरण आहे का, हे प्रत्यक्ष वाकून पाहावे. जस्तलेपित डबा मिळत असेल तर त्यासाठी थोडे जास्त मोजणे योग्य ठरते.

पैसे देण्यापूर्वी यंत्र स्वतःच्या शेतात आणि स्वतःच्या खतावर चालवून पाहण्याचा आग्रह धरावा. प्रत्येकी एक चौरस मीटरचे ताडपत्रीचे तुकडे यंत्राच्या मार्गाला आडवे, एका ओळीत अंथरावेत, यंत्र ठरलेल्या वेगाने त्यांच्यावरून एकदा न्यावे आणि प्रत्येक तुकड्यावर पडलेल्या खताचे वजन करावे. चौरस मीटरला १ किलो म्हणजे हेक्टरी १० टन, अर्थात एकरी सुमारे ४ टन. मधल्या तुकड्यावर जेवढे खत पडले त्याच्या निम्मे ज्या ठिकाणी भरते, त्या दोन्ही बाजूंच्या जागांमधले अंतर ही यंत्राची उपयोगी रुंदी होय. पुढची फेरी त्याच अंतरावर घ्यावी, म्हणजे कडेचे कमी पडलेले खत शेजारच्या फेरीने भरून निघते. नजरेला फेक ६ मीटर दिसत असली तरी उपयोगी रुंदी ४ मीटरच भरू शकते. ताळा पाहायचा असेल तर पूर्ण डबा रिकामा होईपर्यंतचे अंतर मोजावे: २ टन खत ४ मीटर रुंदीवर ५०० मीटरपर्यंत पुरले, तर ते २,००० चौरस मीटरवर पडले, म्हणजे मात्रा हेक्टरी १० टन झाली. डब्याच्या सुरुवातीला आणि शेवटी खत विरळ पडते. ते किती अंतरापर्यंत विरळ राहते यावरूनही दोन यंत्रांतला फरक कळतो.

वर्षातून चार-पाच दिवसच काम असेल तर यंत्र भाड्याने किंवा भागीदारीत घेणे अधिक शहाणपणाचे आहे. मात्र अशा यंत्रातून तणांचे बी आणि रोगजंतू एका शेतातून दुसऱ्या शेतात जातात, म्हणून प्रत्येक वेळी ते धुऊनच पुढे द्यावे. पसरलेले खत त्याच दिवशी, शक्यतो काही तासांतच, कुळवाच्या पाळीने मातीत मिसळता येईल अशा बेताने दिवसाचे काम ठरवावे. ताज्या शेणखताला आणि कोंबडीखताला हे विशेष लागू आहे. जोराचा पाऊस येण्याचे चिन्ह असेल तर पसरणी पुढे ढकलावी आणि विहीर, ओढा, तळे यांच्या काठाचा पट्टा मोकळा सोडावा.

यंत्र चालू असताना मागे किंवा बाजूला, फेकीच्या टप्प्यात कोणीही उभे राहू नये आणि अडकलेले खत काढण्यासाठी डब्यात चढण्यापूर्वी पीटीओ सोडून, इंजिन बंद करून किल्ली खिशात ठेवावी. भरताना खत बीटरला चिकटवून दाबू नये. थोडी मोकळी जागा ठेवली की सुरुवातीचा झटका बसत नाही आणि शिअर बोल्ट वाचतो. नव्या यंत्राची साखळी पहिल्या आठ-दहा तासांच्या कामात ताणली जाते, तेव्हा त्यानंतर दोन्ही बाजूंचा ताण सारखा करून सर्व नटबोल्ट एकदा आवळावेत.