घरची बोली रेकॉर्ड करताना या चुका टाळा

माझी आत्या ८४ वर्षांची आहे. जन्म बडोद्याचा, सासरही बडोद्याचंच. सगळं आयुष्य दांडिया बाजाराच्या आसपास गेलं. दोन वर्षांपूर्वी तिचं बोलणं जपून ठेवावं म्हणून मी फोन घेऊन तिच्यापुढे बसलो. पाचेक मिनिटांत ती म्हणाली, "आता मला जिना चढायला फावत नाही रे." मी पटकन बोलून गेलो, "आत्या, जमत नाही म्हण ना." तिनं मान डोलावली आणि पुढची चाळीस मिनिटं शाळेच्या पुस्तकासारखी बोलली. रोजच्या वाडकीची वाटी झाली, हिंचक्याचा झोपाळा झाला. ते रेकॉर्डिंग मी अजून ठेवलंय. आवाज तिचाच आहे, बोलणं तिचं नाही.

बोलणाऱ्याला सुधारणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक आहे, कारण एकदा टोकलं की माणूस सावध होतो आणि तो सावधपणा लवकर जात नाही. आपण टोकतो ते प्रेमानंच. 'आमची मराठी गुजरातीमिश्रित, भेसळ झालेली' असं आपणच म्हणत आलो आहोत. पण ज्याला भेसळ म्हणतो त्यात इतिहास असतो. आत्या विचारते, "तुला हा रंग गमतो का?" म्हणजे आवडतो का. हा अर्थ गुजरातीतला. पण 'गमणे' मराठीलाही परकं नाही. वऱ्हाडात 'गमत नाही' म्हणजे करमत नाही. फावण्याचंही तसंच. मराठीत एखाद्याचं फावतं म्हणजे त्याला आयती संधी मिळते, गुजरातीत फावतं म्हणजे सोयीचं पडतं, जमतं. अठराव्या शतकात गायकवाडांबरोबर मराठी इथं आली आणि तेव्हापासून ती गुजरातीच्या शेजारी राहते आहे. दोन्ही भाषांत आधीपासून असलेल्या शब्दांचे अर्थ एकमेकांत सरकले, आणि ते सरकणं आत्याच्या एका वाक्यात ऐकू येतं. मी नेमकं तेच खोडत होतो.

घरातल्या इतरांनाही आधी सांगून ठेवा. सून, मुलगा, नातवंडं मध्येच "अगं आई, असं नाही म्हणत" करतात. त्या वेळी त्यांना दुसऱ्या खोलीत बसवलेलं बरं.

शब्दांची यादी घेऊन बसणं

"याला तुम्ही काय म्हणता? आणि त्याला?" असे शंभर प्रश्न विचारले की शंभर उत्तरं मिळतात, वाक्य एकही मिळत नाही. मॉरिस स्वॉडेश या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाची शंभर शब्दांची यादी प्रसिद्ध आहे, पण ती भाषांची तुलना करण्यासाठी आहे. ब्रिटिश काळातले सनदी अधिकारी जॉर्ज ग्रिअर्सन यानं १८९४ ते १९२८ या काळात भारतीय भाषांचं सर्वेक्षण केलं, १७९ भाषा आणि ५४४ बोली नोंदवल्या. प्रत्येक बोलीत बायबलमधल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीचं भाषांतर त्यानं मागवलं. पण भाषांतरातून मूळ बोलणं पुरतं हाती येत नाही हे तो जाणून होता, म्हणून त्याच भागातला स्थानिक गद्याचा किंवा पद्याचा एक नमुनाही तो मागवत असे. आपणही गोष्ट आणि शब्दांची यादी दोन्ही घ्यावं, पण गोष्ट आधी आणि यादी नंतर.

गोष्ट कशी काढायची? विल्यम लबोव्ह या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञानं १९६०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये लोकांना विचारलं होतं, की जीव जाईल असं वाटण्याचा प्रसंग तुमच्यावर कधी आला होता का? असा प्रसंग सांगताना माणूस माइक विसरतो. मी पुढच्या खेपेला आत्याला विश्वामित्री नदीच्या पुराबद्दल विचारलं. पाणी ओटल्याला लागलं, कोणीतरी "मगर, मगर" म्हणून ओरडलं, आणि तिचे सगळे शब्द परत आले.

जागाही महत्त्वाची. स्पेनच्या ला गोमेरा बेटावर शिट्ट्यांनी स्पॅनिश बोलतात. तिला सिल्बो म्हणतात. खोल दऱ्यांमुळे तिथं ती घडली, काही किलोमीटरपर्यंत ऐकू जाते, १९९९पासून शाळेत शिकवतात आणि २००९मध्ये युनेस्कोनं तिला वारशाच्या यादीत घेतलं. ती बंद खोलीत बसून वाजवली तर तिचं कामच दिसणार नाही. स्वयंपाकघरातली बोलीही स्वयंपाकघरातच टिपावी.

आणि शक्य असेल तर दोघांना एकत्र बसवा. अंदमानमधल्या बो भाषेच्या शेवटच्या भाषक बोआ सीनिअर २०१०च्या जानेवारीत गेल्या. अन्विता अब्बी यांनी त्यांचं बोलणं नोंदवलं, पण उत्तर देणारं बो भाषेतलं माणूस उरलंच नव्हतं. आपल्याकडे अजून आत्या आहे आणि तिची मैत्रीणही आहे. दोघी एकमेकींना टोमणे मारतात तेव्हा जे ऐकायला मिळतं ते माझ्या कुठल्याच प्रश्नानं मिळालं नव्हतं.

आवाज खराब येतोय?

बहुतेक वेळा कारण पंखा असतो. तो बंद करा, फ्रीजपासून लांब बसा, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर पण श्वास थेट लागणार नाही असा ठेवा. व्हॉट्सअॅपवर व्हॉइस नोट करून पाठवू नका. ती दाबून लहान केलेली असते आणि गेलेले बारकावे परत मिळत नाहीत. रेकॉर्डर अॅपमध्ये वेव्ह (WAV) हा प्रकार निवडा, ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो. तासाला साधारण ३५० एमबी जागा लागते. आमच्या हिंचक्याच्या कड्या कुरकुरत होत्या. तो थांबवला तर आत्या गप्प होते, म्हणून कड्यांना तेल घातलं.

लिहून काढताना शुद्धलेखन लावणं

देवनागरीत 'चहा' आणि 'चाक' यांचा च एकच दिसतो, उच्चार वेगळे आहेत. 'कोणती जात' आणि 'तो जात आहे' यांतला ज वेगळा. आत्या हे भेद नीट पाळते. माझ्या गुजराती शाळेत शिकलेल्या भाच्याच्या तोंडी सगळे च चहातले होतात. लिहिताना चाकातल्या च खाली नुक्ता, म्हणजे टिंब, द्या: च़ाक. घरापुरती का होईना, एक खूण ठरवा आणि शेवटपर्यंत तीच पाळा. मूळ कॉकेशसमधल्या, आता लोपलेल्या उबिख भाषेत ८०हून जास्त व्यंजनं आणि स्वर फक्त दोन होते. तेव्फिक एसेंच हे तिचे शेवटचे अस्खलित भाषक १९९२मध्ये गेले. ती आज अभ्यासता येते, कारण त्यांच्यासोबत बसून तिचे ध्वनी बारकाईनं नोंदवले गेले.

'आमची भाषा अशी काही नाहीच'

असं उत्तर आलं तर सोडून देऊ नका. २०११च्या जनगणनेत लोकांनी मातृभाषेची १९,५६९ नावं सांगितली. छाननीनंतर त्यांच्या १,३६९ मातृभाषा ठरल्या, आणि दहा हजारांवर भाषक असलेल्या भाषा झाल्या १२१. या गाळणीत नाव लोपतं, बोली लोपत नाही. आपल्या बडोद्यातच १९९६पासून भाषा संशोधन प्रकाशन केंद्र या प्रश्नावर काम करतं आहे; छोटा उदेपूर जिल्ह्यातल्या तेजगढची आदिवासी अकादमी त्यांचीच.

तमिळनाडूतल्या तंजावरच्या मराठीचंही असंच. १८८०मध्ये सयाजीरावांची राणी म्हणून तंजावरची राजकन्या बडोद्याला आली, सोबत नर्तकी आल्या. तिच्या माहेरची मराठी तमिळच्या शेजारी वाढलेली होती. ग्रिअर्सनचं सर्वेक्षण मद्रास इलाख्यात गेलंच नाही. तुमच्या घरात तंजावरची कोणी पणजी होऊन गेली असेल, तर घरातल्या म्हाताऱ्यांना तिच्या तोंडचे शब्द विचारा.

शेवटची चूक माझीच, आणि ती आता दुरुस्त होत नाही. 'रेकॉर्डिंग १२' नावाची एक फाइल माझ्याकडे आहे. त्यात एक बाई लग्नातल्या जेवणाबद्दल फार सुंदर बोलते, आणि ती कोण हे घरात कोणालाच सांगता येत नाही. म्हणून फोन बंद करण्याआधी, बोलणाऱ्याच्याच आवाजात नाव, वय, लहानपण कुठं गेलं, शाळा कुठल्या भाषेत झाली आणि आजची तारीख घ्या. हे बोलणं कोणाला ऐकवलं तर चालेल, तेही तिथंच विचारा. आत्यानं सांगितलंय की पुराची गोष्ट सगळ्यांना ऐकव, सासूबाईंची मात्र माझ्या मागे.