गच्चीवरची हायब्रीड शेवंती : ओल आणि गारठ्यात या चुका टाळा

नागपुरात कुंड्या सांभाळणाऱ्याचं सगळं डोकं उन्हाळ्यासाठी चालतं. पारा ४५ च्या वर गेला की हिरवी जाळी बांधायची, सकाळ-संध्याकाळ पाणी द्यायचं, कुंड्या एकमेकींना खेटून सावलीत सरकवायच्या. मोगरा-जास्वंद या सवयींवर तरतात. शेवंतीचा हंगाम मात्र ऑगस्ट ते जानेवारी. आधी श्रावण-भादव्याची ओल, मग डिसेंबरातला गारठा, ढगाळ दिवस आणि मधेच कोसळणारा अवकाळी. त्या दिवसांत उन्हाळी सवयी चालू ठेवल्या की शेवंती बसते.

शेवंती बसली की थंडीला दोष देऊ नका. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचं किमान तापमान ३.५ अंशांवर उतरलं होतं, आणि निरोगी शेवंती तेवढी थंडी सोसते. तिला मारते ती पानावर, फुलावर आणि मुळांशी रात्रभर टिकणारी ओल.

मातीपासूनच बिघडतं

आपल्याकडची काळी माती कपाशीला सोनं असेल, कुंडीत ती चिखल होते. पाणी धरून फुगते, सुकली की भेगाळते, आणि मधल्या काळात मुळांना हवाच मिळत नाही. ती वापरायचीच असेल तर चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नको. बाकी चांगलं कुजलेलं शेणखत, कोकोपीट आणि जाड रेती. घराचं बांधकाम उरकून कन्हान नदीची रेती कोपऱ्यात पडली असेल तर तीच चाळा. बारीक गाळ टाकून द्या आणि वरची खरबरीत रेती घ्या.

सगळ्यात महागात पडणारी चूक यानंतर होते. झाड दुपारी मान टाकतं, आपल्याला वाटतं तहानलंय, आणि आपण मगभर पाणी ओततो. आधी बोट दोन पेरं मातीत घाला. माती कोरडी असेल तर पाणी द्या. ओली असूनही झाड कोमेजलं असेल तर मुळं कुजायला लागलीत, आणि आता घातलेला प्रत्येक मग त्यात भरच घालेल. कुंडी आडवी करून मुळांसकट मातीचा गोळा बाहेर काढून बघा. पांढरी मुळं ठीक; तपकिरी, बुळबुळीत, वास मारणारी मुळं म्हणजे खेळ खलास. अशा वेळी शेंड्याकडचे निरोगी फाटे कापून नव्या रेतीत लावणं हाच शहाणपणा. कुंडीखालच्या बशा तर पावसाळा लागला की उचलून ठेवाव्यात. कुंड्या स्लॅबवर नकोत. बिनकामाचा पडलेला कूलरचा लोखंडी स्टँड यासाठी उत्तम.

जाळी काढा, कुंड्या लांब करा

मे महिन्यातली हिरवी जाळी दिवाळीपर्यंत तशीच ताणलेली नागपुरातल्या कितीतरी गच्च्यांवर दिसते. तिच्याखाली ऊन कमी, वारा कमी, पानं उशिरा सुकतात. मृग बरसला की ती उतरवा. दोन कुंड्यांमधली पानं एकमेकांना लागणार नाहीत इतकं अंतर ठेवा आणि बुडाकडची, मातीला टेकणारी पानं खुडून टाका. पाणी सकाळी, तेही बुडाशी. संध्याकाळी पाइपने झाडाला आंघोळ घालणं हा मे महिन्याचा लाड आहे; सप्टेंबरात तो रोगाला आमंत्रण देतो.

फवारण्याआधी पान उलटून बघा

"बुरशी आली, काहीतरी मारा" या घाईत चुकीचं औषध जातं. खालच्या पानांवर काळपट-तपकिरी ठिपके, ते वाढत वाढत पान वाळतं आणि रोग खालून वर चढतो, तर तो पानावरचा ठिपका. पावसाच्या शिंतोड्यांनी तो पसरतो. रोगट पानं काढून मॅन्कोझेब लिटरला अडीच ग्रॅम मारलं तर आवरतो. पानावर पिठासारखी पांढरी पूड असेल तर ती भुरी. तिला पानावर पाणी साचायचीही गरज नसते. दमट रात्री आणि कोरडे दिवस तिला पुरतात, म्हणून ती पाऊस संपल्यावर दिसते. तिच्यावर पाण्यात विरघळणारं गंधक, लिटरला दोन ग्रॅम, थंड वेळी. गंधक आणि निंबोळी तेल यांत दोन आठवड्यांचं अंतर हवंच, नाहीतर पानं भाजतात. शेंड्यावर चिकटपणा आणि मुंग्यांची रांग दिसली तर तिथं बुरशी नाहीच, मावा ही कीड आहे.

आता सगळ्यात जीव तोडणारा प्रकार. कळ्या फुलतात, दोन दिवस ढगाळ जातात, आणि पाकळ्यांवर पाणी शोषल्यासारखे तपकिरी डाग पडून वर करडी लव येते. ही करडी बुरशी पंधरा-वीस अंशांच्या ओलसर हवेत माजते, म्हणजे नागपूरचा ढगाळ डिसेंबर. मोठ्या, गच्च पाकळ्यांच्या हायब्रीड जातींत पाणी आत अडकून राहतं, म्हणून त्यांना जास्त त्रास. आपली रेवडी किंवा झिपरी ही देशी जात त्यामानाने निभावून नेते. अवकाळीचा अंदाज आला की लोक प्लास्टिक गुंडाळून झाड झाकतात. आत रात्रभर पाणी सुटतं आणि बुरशीचं फावतं. वर छत द्या, चारही बाजू मोकळ्या ठेवा. जुनी फुलं झाडावर शोभेला ठेवू नका, कारण रोग तिथूनच सुरू होतो. ती कोरड्या वेळी पिशवीत खुडा, झटकू नका.

झाड हिरवंगार, कळी एकही नाही

इथं रोग शोधत बसू नका, वर दिवा बघा. शेवंतीला कळी धरायला लांब, अखंड अंधारी रात्र लागते. नागपुरात जूनच्या शेवटी दिवस जवळपास साडेतेरा तासांचा असतो आणि डिसेंबरात अकराच्या आत येतो. हा बदल झाड मोजत असतं. फूलशेतीवाले नको तेव्हा कळी येऊ नये म्हणून मध्यरात्री मुद्दाम दिवे लावतात. तुमच्या गच्चीवरचा चोरांसाठीचा एलईडी किंवा समोरचा रस्त्याचा खांब तेच काम फुकट करतो. कुंडीपाशी पेपर वाचता येत असेल तर कुंडी हलवा. आकाशकंदील मात्र लावा. फक्त तो शेवंतीच्या डोक्यावर रात्रभर नको.

शेंडा खुडायचा तो ऑगस्ट संपेपर्यंतच. नंतर खुडलं तर फूल लांबतं. ऑक्टोबरात युरिया घातला तर पानं लुसलुशीत होतात आणि माव्याची चंगळ होते.

आणि एक गैरसमज. डिसेंबरात नर्सरीतून आणलेली ठेंगणी, गोल, फुलांनी लदलेली कुंडी पुढल्या वर्षी उंच, विस्कटलेली वाढते, तेव्हा खताला दोष देऊ नका. पॉलिहाऊसमध्ये वाढ रोखणारं औषध देऊन तिला तसं ठेवलेलं असतं. हायब्रीडचं बी धरून तोच रंग मिळेल ही आशाही सोडा. फुलं संपली की झाड बोटभर ठेवून छाटा, बुडाशी येणारे नवे कोंब, म्हणजे काश्या, निरोगी झाडांच्याच घ्या, आणि रोगट झाडाची माती दुसऱ्या कुंडीत ओतू नका.