देणगी नको, ऑर्डर द्या: परदेशात राहून गावच्या शेतकरी कंपनीला हात कसा द्यायचा

परदेशात स्थिरावलेल्या मराठी माणसाला गावासाठी काही करावंसं वाटलं, की पहिला विचार देणगीचा येतो. शाळेला संगणक, देवळाला सभामंडप. चांगलंच आहे, पण त्याने शेतकऱ्याच्या हातात येणारे पैसे वाढत नाहीत. ते वाढतात माल चांगल्या भावाने विकला गेला की, आणि तसा भाव देणाऱ्या बाजारात तुम्ही रोज वावरता. म्हणून एक पीक, एक तालुका आणि एक शेतकरी उत्पादक कंपनी (शेतकऱ्यांनीच सभासद होऊन काढलेली कंपनी) निवडा आणि किमान तीन हंगाम तिच्याबरोबर राहा. इथे उदाहरण सांगलीच्या हळदीचं आणि अमेरिकेच्या बाजाराचं घेतलं आहे.

आधी कंपनी पारखून घ्या. बऱ्याच कंपन्या फक्त कागदावर असतात. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर १०० रुपये भरले की तिची जमा झालेली कागदपत्रं पाहता येतात. ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्र दरवर्षी भरलं आहे का, ते बघा. मग फोन करून दोन प्रश्न विचारा: गेल्या हंगामात किती सभासदांनी कंपनीला प्रत्यक्ष माल घातला, आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचा पगार कोण देतं? सभासद ५०० आणि माल घालणारे ३० असतील, तर कंपनी अजून उभी राहिलेली नाही. पगार अनुदानातून निघत असेल, तर अनुदान संपल्यावर माणूस जाईल आणि तुमचा सगळा संपर्क त्याच्याबरोबर जाईल. भावकीतला कुणी संचालक आहे म्हणून ती कंपनी निवडू नका. पुढे हिशेब मागायची वेळ आली की जीभ रेटत नाही.

या कंपनीत तुम्हाला शेअर घेता येत नाहीत, कारण सभासद उत्पादकच असावा लागतो. पण संचालक मंडळ तुम्हाला तज्ज्ञ संचालक म्हणून घेऊ शकतं. अशा संचालकांची संख्या एकूण संचालकांच्या एक पंचमांशाहून जास्त चालत नाही आणि अध्यक्षाच्या निवडणुकीत त्यांना मत नसतं. हे पद पहिल्या वर्षी घेऊ नका. आधी एक खेप पार पाडा, मगच सहीची जबाबदारी घ्या.

आता माल. पहिल्यांदा २०० ते ३०० किलो पुरे, कंटेनरची घाई नको. हळद कुठली, हे पोत्यावर दिसलं पाहिजे: शेतकऱ्याचा कोड, गट नंबर, शिजवल्याची तारीख. सांगलीच्या मार्केट यार्डात कर्नाटक आणि तेलंगणाचीही हळद सौद्याला येते. त्यामुळे यार्डातून उचललेला माल सांगलीचा असेलच असं नाही, आणि २०१८ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन तसल्या मालाला लावता येत नाही.

गुणवत्ता ठरते ती शिजवण आणि वाळवण यांत. काढणीनंतर दोन-तीन दिवसांत हळद शिजली पाहिजे. उघड्या कढईत साधारण ४५ ते ६० मिनिटं लागतात, वाफेच्या कुकरमध्ये कमी. बोथट काडी हळकुंडातून सहज आरपार गेली की उतरवायची. जास्त शिजली तर रंग मरतो, कमी शिजली तर हळकुंड ठिसूळ होतं. मग १० ते १५ दिवस ऊन, रात्री ढीग करून झाकण. वाळवण ताडपत्रीवर किंवा काँक्रीटच्या खळ्यावरच हवी. शेणाने सारवलेल्या जमिनीवर वाळवलेल्या हळदीत साल्मोनेला हे रोगजंतू निघण्याचा धोका मोठा, आणि ओलाव्यात राहिली की बुरशी धरते व अफलाटॉक्सिन हे बुरशीचं विष वाढतं. नीट वाळलेलं हळकुंड मोडलं की धातूसारखा टणक आवाज येतो. ही परीक्षा व्हिडिओ कॉलवरही होते: प्रत्येक पोत्यातलं एक हळकुंड फोनजवळ धरून मोडायला सांगा. तरी आर्द्रतामापकाचा आकडा घ्याच. तो १० टक्क्यांच्या आत हवा.

पॉलिशच्या ड्रममध्ये रंग चढवू देऊ नका. चकाकीसाठी वापरला जाणारा पिवळा रंग शिशाचा असू शकतो, आणि एकदा शिसं सापडलं की अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन त्या पुरवठादाराचे पुढचे मालही तपासणीशिवाय अडवून ठेवू शकतं.

पाठवण्याआधी दहा-बारा पोत्यांतून थोडी थोडी हळद काढून एकत्र करा आणि तो नमुना एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत द्या. ओलावा, कुरकुमीन (हळदीला पिवळा रंग देणारं द्रव्य), शिसं, अफलाटॉक्सिन, कीडनाशकांचे अंश, साल्मोनेला आणि इथिलीन ऑक्साइड एवढं सगळं तपासून घ्या. युरोपात हळदीसाठी एकूण अफलाटॉक्सिनची मर्यादा किलोला १० मायक्रोग्रॅम आहे. इथिलीन ऑक्साइड या जंतू मारायच्या वायूच्या बाबतीत फसगत होते. अमेरिकेत सुक्या मसाल्यावर ७ पीपीएमपर्यंत (किलोला ७ मिलिग्रॅम) चालतं, युरोपात किलोला ०.१ मिलिग्रॅमच्या वर गेलं की माल परत. न्यू जर्सीला उतरलेली हळद रॉटरडॅमला अडकू शकते. म्हणून जंतू मारायला वाफेची प्रक्रिया मागा. पहिल्या तपासणीचा खर्च तुम्ही उचला. देणगी द्यायचीच असेल, तर ती सर्वांत उपयोगी जागा आहे.

कागदांत दोन्ही बाजू आहेत. भारतातली बाजू कंपनीची: आयात-निर्यात कोड, अन्नसुरक्षेचा केंद्रीय परवाना, हळद असल्याने मसाला मंडळाची नोंदणी (गूळ असता तर अपेडा या शेतमाल निर्यात प्राधिकरणाची), दर आर्थिक वर्षी भरायचं जीएसटीचं हमीपत्र आणि बंदरावर बँकेचा एडी कोड (परकीय चलन हाताळणाऱ्या बँकेचा क्रमांक). हा कोड राहिला की माल बंदरात पोचूनही शिपिंग बिल (निर्यातीचा जकात कागद) निघत नाही आणि भाडं चढत राहतं. अमेरिकेतली बाजू तुमची. कंपनीच्या प्रक्रिया केंद्राची तिथल्या अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदणी लागते. ती फुकट होते, मध्यस्थाला पैसे द्यायची गरज नाही. दर सम वर्षी १ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर या काळात तिचं नूतनीकरण करायचं, आणि अमेरिकेत राहणारा एक प्रतिनिधी नेमायचा. तो प्रतिनिधी तुम्ही होऊ शकता. पण फेरतपासणीचं शुल्क प्रतिनिधीकडून वसूल होऊ शकतं, हे माहीत असू द्या. आयातदाराने पुरवठादाराची पडताळणी करून नोंदी ठेवाव्या लागतात आणि माल पोचण्याआधी आगाऊ सूचना द्यावी लागते.

कागदाची एक चूक किती महाग पडते, ते २०२५ च्या मे महिन्यात दिसलं. भारतातून विमानाने गेलेल्या आंब्याच्या किमान १५ खेपा विकिरणाच्या (कीड मारण्यासाठीच्या किरण प्रक्रियेच्या) कागदपत्रांतल्या त्रुटींमुळे अमेरिकेच्या विमानतळांवर नाकारल्या गेल्या. फळात दोष नव्हता. परत आणणं परवडेना, म्हणून निर्यातदारांनी आंबा तिथेच नष्ट केला. त्याच वर्षी भारतीय मालावरचं अमेरिकेचं आयातशुल्क ५० टक्क्यांपर्यंत गेलं आणि नंतर पुन्हा बदललं. म्हणून ऑर्डर लिहिताना त्या दिवशीचा दर पाहा आणि ते कोण भरणार हे कागदावर आणा.

तुम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल, तर आयातीचा धंदा स्वतः चालवू नका. ते दुसरं काम ठरतं. तिथे आधीच परवाने असलेला किराणा-मसाल्याचा आयातदार शोधा, त्याच्यापुढे तपासणीचा अहवाल आणि नमुना ठेवा आणि कंपनीशी गाठ घालून द्या.

पैशांच्या बाबतीत ऑर्डरवरची आगाऊ रक्कम हा सर्वांत स्वच्छ मार्ग आहे, कारण कंपनीची खरी अडचण हंगामातल्या खेळत्या भांडवलाची असते. व्यापारी वजन झालं की रोख मोजतो, कंपनी पंधरा दिवस थांबा म्हणते आणि शेतकरी व्यापाऱ्याकडे जातो. ३० टक्के आगाऊ बँकेतून पाठवा आणि इन्व्हॉइसवर तसं लिहून घ्या. उरलेल्या मालासाठी शेतकऱ्यांना पणन मंडळाची शेतमाल तारण योजना सुचवा. त्यात मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज ६ टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी मिळतं.

देणगीचा नियम पासपोर्टप्रमाणे बदलतो. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे विदेशी अंशदान ठरत नाहीत. ओसीआय कार्ड असलेला (परदेशी नागरिकत्व घेतलेला भारतीय वंशाचा) माणूस मात्र विदेशी स्रोत धरला जातो, त्याची देणगी एफसीआरए या विदेशी देणगीच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेनेच घ्यायची असते. कंपनीला ‘मदत’ म्हणून तिच्या खात्यात रक्कम टाकू नका. भारतातल्या कंपनीत पैसा परत परदेशी न नेण्याच्या अटीवर भांडवल घालायची मुभा आहे, पण शेती आणि मळ्यांच्या धंद्यात नाही. दळण आणि पॅकिंगच्या वेगळ्या युनिटमध्ये ते घालता येतं. शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने मिळते. भावाच्या नावावर घेण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

गावी जायचं तर गणपतीत किंवा दिवाळीत नको, फेब्रुवारीत जा. तेव्हा काढणी, शिजवण आणि वाळवण एकाच वेळी चालू असते. बॅगेत आर्द्रतामापक न्या, खळ्यावर दोन दिवस बसा आणि पुढच्या खेपेची पोती स्वतः निवडा.