डीजे शिकायचंय? कंट्रोलर घेण्याआधी एवढं बघा

शिवजयंती, गणपती जवळ आले की निपाणी, खानापूरकडची पोरं उधारी करून कंट्रोलर (लॅपटॉपला जोडून गाणी मिसळायचं बटणं-चाकांचं यंत्र) घ्यायला धावतात. जरा थांबा. आधी घरच्या लॅपटॉपवर ‘मिक्स’ (स्पेलिंगमध्ये शेवटी तीन एक्स) हे सॉफ्टवेअर टाका. पूर्ण मोफत आहे, विंडोजवर चालतं, लिनक्सवरही. दोन गाणी ठेक्यात जुळवणं नुसत्या कीबोर्डवरही शिकता येतं.

हात बसला की मग कंट्रोलर. त्यात साउंड कार्ड आहे का, हे सगळ्यात आधी विचारा. म्हणजे हेडफोनला वेगळं आउटपुट आणि स्पीकरला वेगळं. ते नसेल तर पुढचं गाणं लोकांना न ऐकवता आपल्या कानात तपासता येत नाही, आणि मिक्सिंगचा सगळा जीव तिथंच आहे. हर्क्युलिस कंपनीच्या इनपल्स २०० या कंट्रोलरमध्ये ही सोय आहे. जुना घेणार असाल तर लॅपटॉप सोबत न्या. एकेक फेडर (सरकवायची पट्टी) सावकाश वर-खाली करा. स्क्रीनवरचा फेडर मधेच उडी मारत असेल तर तो कंट्रोलर सोडून द्या.

आणि हलगीच्या रेकॉर्डिंगवर सिंक बटणाच्या (दोन गाण्यांचा वेग आपोआप जुळवणाऱ्या) भरवशावर राहू नका. वाजवणाऱ्याची लय रंगात येऊन वाढत जाते, सॉफ्टवेअर बहुतेक वेळा एकच बीपीएम (मिनिटाला किती ठेके) धरून बसतं. तिथं जॉग व्हीलवरचा (गाणं हातानं पुढं-मागं करायच्या गोल चाकावरचा) हात आणि कानच कामाला येतात.