परतीच्या पाखरांसाठी: वसंतातील पाणपक्षी नोंदवण्यापूर्वीची तयारी

मध्य आशियात वसंत ऋतू पाखरे घेऊन येतो. पुणे परिसरातल्या पाणथळींवरून तो त्यांना घेऊन जातो. म्हणून फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत भिगवणला, कवडीपाटला किंवा पाषाण तलावावर ज्यांना स्थलांतराच्या नोंदी ठेवायच्या आहेत, त्यांची तयारी हिवाळी सहलीपेक्षा वेगळी असावी लागते. हिवाळ्याच्या तोंडाशी पहिला थापट्या (पसरट चोचीचे स्थलांतरी बदक) दिसला, की त्याच दिवशी ‘आला’ असे लिहिता येते. मार्च-एप्रिलमध्ये शेवटचा थापट्या समोर पोहत असताना मात्र तो शेवटचा आहे हे कोणालाच ठाऊक नसते. पुढच्या दोन-तीन फेऱ्यांत तो दिसला नाही, म्हणजे मगच ते कळते. पक्षी न दिसण्याचीही नोंद विश्वासार्ह व्हावी, यासाठी पुढची सारी तयारी आहे.

सर्वप्रथम जागा एकच निवडावी आणि फेऱ्यांचे वार दिनदर्शिकेवर आधीच लिहून टाकावेत. भिगवण पुण्यापासून सोलापूर महामार्गाने सुमारे १०० किलोमीटर आहे. दर आठवड्याला तिथे पोहोचणे झेपणार नसेल, तर मुळा-मुठेवरचा कवडीपाटचा बंधारा किंवा रामनदीच्या पाण्यावरचा पाषाण तलाव घ्यावा, पण तो सोडू नये. वर्षातून तीनदा पाहिलेल्या भिगवणपेक्षा दर रविवारी पाहिलेला पाषाण नोंदीच्या दृष्टीने मोलाचा, असे माझे ठाम मत आहे. एका मार्चमध्ये माझ्या तीन फेऱ्या सलग चुकल्या आणि परत गेलो तेव्हा पट्टकादंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस) निघून गेलेले होते. त्या वर्षी ते कोणत्या आठवड्यात गेले, हे माझ्या वहीवरून आजही सांगता येत नाही, याची खंत वाटते. वार आणि वेळ ठरवताना तीच वाट, तेच थांबे आणि साधारण तेवढेच तास ठेवावेत, नाहीतर पक्षी कमी झाले की आपले पाहणे कमी झाले, हे वेगळे करता येत नाही.

भिगवण निवडणाऱ्यांनी पाण्याची चौकशी आदल्या संध्याकाळी करावी. भीमेवरच्या उजनी धरणाचा हा फुगवटा सिंचनासाठी वापरला जातो, त्यामुळे उन्हाळा चढेल तसे पाणी मागे हटते आणि चिखलाची मैदाने उघडी पडतात. फेब्रुवारीत कुंभारगावच्या ज्या काठावरून बदके जवळ दिसत होती, तिथून एप्रिलमध्ये पाण्याची नुसती रेघ दिसते, पण त्याच चिखलावर तुतवार, टिलवे आणि शेकाटे हे चिखलात चरणारे पक्षी उतरलेले असतात. होडी कुठून सुटते आहे आणि थवे कोणत्या बाजूला आहेत, हे तिथल्या मच्छीमारांइतके नेमके कोणीही सांगू शकत नाही. त्यांना फोन करून वेळ ठरवावी आणि ठरलेले पैसे घासाघीस न करता द्यावेत.

अभ्यासाची तयारी हा या यादीतला सर्वांत आनंदाचा भाग, आणि तोच बहुतेक वेळा राहून जातो. हिवाळ्यात ओळखायला शिकलेले पक्षी मार्चअखेरीपासून रूप पालटू लागतात. तपकिरी डोक्याच्या कुरवाचे (गल पक्ष्याचे) डोके हिवाळ्यात पांढरट असते, कानाजवळ एक डाग तेवढा दिसतो. आता तेच डोके गडद तपकिरी होते. काळ्या डोक्याच्या कुरवाचेही डोके प्रत्यक्षात तपकिरीच होत असल्याने दोघांत गफलत होते. तेव्हा डोके सोडून पंखांची काळी टोके पाहावीत, कारण तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या त्या काळ्या टोकांत पांढरे ठिपके स्पष्ट उठून दिसतात. राखट मालगुजा या लांब चोचीच्या पक्ष्याच्या मानेवर आणि छातीवर विटकरी रंग चढतो. चक्रवाक बदकाच्या नराच्या गळ्याभोवती बारीक काळे कडे उमटते. पिवळ्या डोक्याच्या धोब्याचा नर तर हिवाळ्यातला फिकेपणा टाकून असा झळाळतो, की नवख्या निरीक्षकाला तो वेगळाच पक्षी वाटतो. म्हणून क्षेत्र-मार्गदर्शिकेतली विणीच्या काळातली चित्रे निघण्याआधी दोन-तीन संध्याकाळी शांतपणे पाहावीत, आणि नोंद करताना जातीच्या नावापुढे ‘विणीचा पिसारा’, ‘अर्धवट पालटलेला’ असा शेरा लिहावा. सोबत जानेवारीतली आपली स्वतःची यादी न्यावी. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते ती याच विचाराने, की हिवाळ्याच्या मध्यावर पक्षी स्थिरावलेले असतात. आपल्यालाही निघणाऱ्यांची वजाबाकी करायला तोच आकडा पायाभूत ठरतो.

साधनांबद्दल थोडक्यात सांगायचे, तर ८×४२ ची दुर्बीण पुरेशी असते. आठपट मोठे दिसते आणि ४२ मिलिमीटरच्या भिंगातून पहाटेच्या अंधूक प्रकाशातही चित्र उजळ राहते. दूरच्या चिखलासाठी तिपाईवरचा स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने पाहायची जास्त ताकदीची दुर्बीण) लागतो आणि तो गटात एक असला तरी भागते. मात्र उन्हाळ्यात स्कोपला घड्याळाची मर्यादा आहे. तापलेल्या जमिनीवरची हवा साधारण साडेनऊ-दहानंतर थरथरू लागते आणि साठपट मोठे करून पाहिलेला टिलवा नुसता डळमळणारा ठिपका होतो. पुण्यात मार्चच्या मध्याला सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो, एप्रिलच्या मध्याला सुमारे पंचवीस मिनिटे आधी. त्यापूर्वी काठावर पोहोचायचे, तर भिगवणसाठी घरून साडेतीन-चारला निघावे लागते. सूर्य पाठीशी राहील असा थांबा निवडावा. उशिरा पोहोचल्यास त्या दिवसाच्या नोंदीत वेळ स्पष्ट लिहावी आणि ‘दिसले नाहीत’ असा निष्कर्ष त्यावरून काढू नये.

कपडे मातकट रंगाचे आणि पूर्ण बाह्यांचे असावेत, रुंद काठाची टोपी घ्यावी, माणशी निदान दोन लिटर पाणी आणि मीठ-साखरेची पुडी ठेवावी. दशम्या आणि चटणी सोबत असली, तर दहा वाजता भुकेपोटी निरीक्षण अर्धवट सोडावे लागत नाही.

होडीत बसणाऱ्यांनी जीवरक्षक जाकीट घालावे, आणि नावाड्याला सुरुवातीलाच सांगून ठेवावे की आम्हाला रोहित (फ्लेमिंगो) उडालेले पाहायचे नाहीत. यामागे केवळ सौजन्य नाही. परतीच्या प्रवासापूर्वी पक्षी भरपूर खाऊन अंगात चरबी साठवतात, कारण तेच त्यांचे इंधन असते. मार्चमध्ये छायाचित्रासाठी उडवलेला थवा त्यातला काही भाग आपल्यासाठी खर्च करतो. पट्टकादंबांना तर इथून निघून हिमालय ओलांडायचा असतो, आणि उपग्रहाद्वारे केलेल्या मागोव्यात ते ७,२९० मीटर उंचीवर उडताना नोंदले गेले आहेत. थवा माना वर करून चालू लागला, की तेवढ्यातच थांबावे. ड्रोन आणि ध्वनिमुद्रित हाका घरीच ठेवाव्यात.

याच पट्टकादंबांच्या मानेकडे स्कोपमधून नीट पाहावे. मंगोलियात काहींच्या मानेभोवती सांकेतिक अक्षरे असलेल्या पट्ट्या बसवलेल्या आहेत आणि असे पक्षी भारतात दिसलेले आहेत. पट्टी दिसल्यास तिचा रंग, अक्षरांचा रंग आणि अक्षरांचा क्रम जागेवरच लिहावा. पायात कडी असल्यास डावा पाय की उजवा, हेही. आठवणीतून लिहिलेला संकेत उपयोगाचा नसतो.

मोठे थवे मोजण्याचा सराव आधी घरच्या घरी करावा. ताटात ज्वारीचे दाणे पसरून आधी दहा मोजावेत, दहांचा आकार डोळ्यांत बसवावा आणि मग उरलेल्यात तसे किती गट बसतात ते पाहावे. संध्याकाळी मुक्कामाला येणाऱ्या भोरड्यांसाठी (गुलाबी मैनांसाठी) दहाऐवजी शंभराचा गट लागतो. या भोरड्याही एप्रिलपर्यंत निघून जातात, तेव्हा तलावाकडे जाताना वाटेतल्या पांगाऱ्या-पळसांवर त्यांच्यासाठी नजर ठेवावी.

वही आणि शिसपेन्सिल ही मुख्य, मोबाइल तिच्या जोडीला. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरताना ओळखता आलेल्या सर्व जाती लिहिल्या आहेत का, या प्रश्नाला ‘होय’ म्हणता येईल अशीच यादी करावी. कारण तसे म्हटल्यावरच यादीत नसलेली जात त्या दिवशी आढळली नाही, असे मानता येते. केवळ रोहित आणि पट्टकादंब लिहून कावळा, टिटवी, वंचक गाळले, तर ती सोय हातची जाते. वहीत मात्र जानेवारीच्या यादीतल्या प्रत्येक नावापुढे त्या दिवसाचा आकडा लिहावा, आणि पक्षी नसल्यास रिकामी जागा न ठेवता शून्य लिहावे. शेवटी मे महिन्यातल्या किमान दोन फेऱ्या आताच पक्क्या कराव्यात, बदके सगळी गेली असे वाटले तरी. काही तरुण तुतवार उत्तरेकडे न जाता उन्हाळाभर इथेच राहतात, रोहित बहुधा पावसाच्या तोंडापर्यंत दिसतात, आणि एप्रिलमध्ये लिहिलेली ‘शेवटची तारीख’ खरोखर शेवटची होती का, हे या दोन फेऱ्यांशिवाय ठरत नाही.