पावतीवर नाव काय लिहिलंय, ते आधी वाचा

बाबा गेले तेव्हा सगळं नीट पार पडलं, असं आम्हाला महिनाभर वाटत होतं. मग मृत्यूचा दाखला हातात पडला आणि बाबांच्या नावाला 'राव' चिकटलेला दिसला. इथे इंदूरला मुक्तिधामच्या, म्हणजे स्मशानाच्या, खिडकीवर "नाम बोलिए" म्हटल्यावर काकांच्या थोरल्या मुलानं, आमच्या दादानं, घरात ज्या आदरानं म्हणतो तसंच सांगून टाकलं. बाबूनं लिहिलं, पावती फाडली, आम्ही ती न वाचता खिशात घातली. पुढचे सगळे कागद त्या पावतीवरून झाले. 'राव' काढायला प्रतिज्ञापत्र, नोटरी, पाच खेपा आणि चार महिने लागले.

तर पहिला तास. माणूस घरी गेलं असेल, तर ज्यांचं औषध चालू होतं त्या डॉक्टरांना बोलवा आणि मृत्यूच्या कारणाचा दाखला लगेच लिहून घ्या. दवाखान्यात गेलं असेल तर तो तिथूनच मिळतो. अपघात असेल तर पोलीस आणि पोस्टमॉर्टेम आलंच, तिथे घाई करून उपयोग नाही. नेत्रदान करायचं असेल तर सहा तासांच्या आत. पापण्या मिटवा, वर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या, पंखा बंद करा. उन्हाळ्यात पंखा बंद केला की कोणी ना कोणी चालू करतंच. बटणापाशी एक पोरगं उभं करा.

नातेवाईकांना फोन, गुरुजी, तिरडीचं सामान: गल्लीतली माणसं करतात, तुम्हाला विचारतसुद्धा नाहीत. रामबागचं मुक्तिधाम की पंचकुइयाचं, लाकडं की विद्युत, एवढं मात्र घरातल्यांनी ठरवायचं.

आता मुद्द्याचं. कागदांसाठी एक माणूस वेगळा काढा. मुलगा नको, भाऊ नको; जावई चालेल, शेजारी उत्तम. त्याच्या खिशात गेलेल्या माणसाच्या आधारची झेरॉक्स घाला. खिडकीवर नाव तोंडी सांगायचंच नाही, झेरॉक्स सरकवायची. आणि पावती तिथेच उभं राहून वाचायची.

आपल्या इंदूरच्या मराठी लोकांची आणखी एक गंमत आहे. हिंदीत ळ नाही, त्यामुळे काळे 'काले' होणारच. त्यावर भांडण्यात अर्थ नाही. पण इंग्रजी स्पेलिंग आधारशी अक्षरन्अक्षर जुळलंच पाहिजे, कारण बँकवाले तेच बघतात. मधलं नाव एका कागदावर पूर्ण आणि दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर असेल, तरी अडवतात. बायकांच्या बाबतीत तर दुप्पट सावध राहा: माहेरचं नाव एक, लग्नात बदललेलं दुसरं, आणि सगळी सोसायटी 'माई' म्हणते म्हणून खिडकीवरही कोणी 'माई'च सांगतं. झेरॉक्स, झेरॉक्स, झेरॉक्स.

नोंदणी २१ दिवसांत करा. दवाखान्यातला मृत्यू ते स्वतः कळवतात, घरचा आपण कळवायचा. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्कावर भागतं. त्यानंतर परवानगी आणि स्वतः सही करून दिलेला कागद (२०२३ पर्यंत प्रतिज्ञापत्र लागायचं), वर्ष उलटलं तर मॅजिस्ट्रेटचा हुकूम. पण मुदत पाळली म्हणून निश्चिंत होऊ नका. आम्ही बाराव्या दिवशीच नोंद केली होती, चुकीच्या नावानं. दाखल्याच्या आठ-दहा प्रती घ्या, आणि घेताना नाव पुन्हा वाचा.

अस्थी बडवाहजवळ खेडीघाटावर न्या किंवा उज्जैनला. घरचा रिवाज असेल तसं. दहावं-तेरावं गुरुजी बघतात.

गेलेल्या माणसाचा मोबाईल बंद करू नका. रिचार्ज करत राहा, सगळे ओटीपी तिथेच येतात. मात्र त्याच मोबाईलवरून किंवा एटीएममधून पैसे काढायचे नाहीत, पिन पाठ असला तरी. पेन्शन असेल तर बँकेला ताबडतोब कळवा. पुढे जमा झालेली रक्कम ते परत घेतात, आणि आपण ती तेराव्यात खर्चून बसलेलो असतो. आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनासाठी पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, शोधून ठेवा.

बाकी भराभर सांगतो. विम्याचे मूळ बाँड काढा. खात्यांवर नॉमिनी म्हणून कोणाचं नाव आहे ते बघा. नॉमिनीला पैसे मिळतात म्हणजे तो मालक झाला असं नाही, हे भावंडांत आधीच बोलून घ्या. एफडी, पोस्ट, डीमॅट, लॉकर, वीजबिल, घराचा नामांतर अर्ज. त्या वर्षीचं आयकर विवरण वारसाला भरावं लागतं. प्रत्येक अर्जावर नाव दाखल्यावरून उतरवायचं, आठवणीतून नाही.

मावशीच्या वेळी खिडकीपाशी मीच उभा होतो. बाबू लिहीत होता तेव्हा पलीकडून उलटी अक्षरं वाचत होतो. तो वैतागला. वैतागू दे.