बक्षिसं वाटूनही मंडळी थंडच? मग या चुका टाळा

आमच्या रबाळे एमआयडीसीतल्या कारखान्यात कॅन्टीनच्या दाराशी 'महिन्याचा सर्वोत्तम कर्मचारी' असा फळा आहे. एकदा फोटो लागला म्हणून पॅकिंगमधल्या एका ताईंचं अभिनंदन केलं, तर त्या हसल्या. "साहेब, माझी पाळीच होती. पुढच्या महिन्यात कोण, तेही सांगू का?" त्यांनी सांगितलेलंच नाव पुढच्या महिन्यात फळ्यावर लागलं.

कोणी नाराज व्हायला नको म्हणून सुपरवायझर पाळी लावतात आणि ट्रॉफीला चहाच्या कूपनाएवढीही किंमत उरत नाही. दर महिन्याला एक मानकरी हवाच, हा हट्ट सोडा. कधी फळा रिकामा राहू दे, कधी तिघांची नावं लागू देत. पण नावाखाली काम लिहा. 'उत्कृष्ट कामगिरीबद्दल' कोणी वाचत नाही. 'नाइट शिफ्टला कन्व्हेयरचा आवाज बदललेला ओळखून बेअरिंग तुटायच्या आत लाइन थांबवली' हे ताट हातात घेऊन उभं राहून वाचतात.

यापेक्षा महागात पडली ती दुसरी चूक, आणि ती माझीच. नॅशनल सेफ्टी कौन्सिलची स्थापना ४ मार्च १९६६ ची, मुख्यालय इथेच बेलापूरला. त्यामुळे मार्च उजाडला की आमच्याकडे सुरक्षा सप्ताहाचे बॅनर लागतात. अशाच एका मार्चमध्ये मी जाहीर केलं: ज्या खात्यात शंभर दिवस अपघात नाही, तिथल्या प्रत्येकाला प्रेशर कुकर. नव्वदी उलटल्यावर एक फिटर हजेरीवर सही करताना दिसला. डावा हात खिशात, रजिस्टर कोपराने दाबून धरलेलं. हात बाहेर काढायला लावला, तर बोटाला रुमाल गुंडाळलेला, रक्त सुकून काळं पडलेलं. फर्स्ट एडला का गेला नाहीस, विचारलं. "वीस घरांचे कुकर माझ्यामुळे जायला नकोत."

'शून्य अपघात' यावर बक्षीस लावलं की अपघात कमी होतीलच असं नाही, नोंदी मात्र हमखास कमी होतात. आता आम्ही धोका दाखवून देणाऱ्याचं कौतुक करतो: सांडलेलं तेल, मशीनवरून काढून ठेवलेलं संरक्षक गार्ड, थोडक्यात टळलेली इजा. पहिल्या महिन्यात रजिस्टर भरून गेलं आणि वरचे साहेब घाबरले. घाबरू नका, तसंच व्हायला हवं.

दिवाळीचा बोनस बक्षीस म्हणून मिरवणं ही आणखी एक खोड. पात्र कामगाराला किमान ८.३३ टक्के बोनस कायद्यानेच मिळतो. तो हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. पगार आणि कामाची परिस्थिती बिघडली की माणूस नाराज होतो, पण त्या नीट असल्या म्हणून लगेच उत्साह येत नाही; उत्साह येतो कामाची दखल घेतल्यावर, असं फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्येच मांडलं होतं. ओव्हरटाइमचे पैसे थकवून सर्टिफिकेट वाटणाऱ्यांनी आधी ओव्हरटाइम चुकता करावा.

प्रत्येक चांगल्या गोष्टीला दर लावायचीही घाई नको. चित्रं काढायची आवड असलेल्या लहान मुलांवर १९७३ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. ज्यांना आधीच प्रशस्तिपत्रकाचं आमिष दाखवलं होतं, ती मुलं पुढे आपणहून कमी वेळ चित्रं काढू लागली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं तसं झालं नाही. आमच्याकडे नव्या पोरांना शिकवणाऱ्या जुन्या ऑपरेटरला माणशी दोनशे रुपये द्यायचा प्रस्ताव आला होता. मी अडवला. त्याऐवजी नवं मशीन निवडताना त्याला बोलावून त्याचं मत घेतलं.

बारीकसारीक चुका तर ढीगभर. जूनमधल्या कामाची शाबासकी डिसेंबरच्या स्नेहसंमेलनात देणं. सर्टिफिकेटवर नाव चुकणं. कंत्राटी कामगार आणि मेंटेनन्सवाल्यांना विसरणं. लाजाळू माणसाला स्टेजवर ओढणं. आणि रोख बक्षीस जाहीर करण्याआधी अकाउंट्सला न विचारणं. ते पगारात धरलं जातं, कर कापला गेला की आनंदाचं भांडण होतं.

योजना आधीच बिघडली असेल, तर दोन महिने सरळ बंद ठेवा. तेवढ्यात प्रत्येक शिफ्टच्या सुपरवायझरला एक वही द्या: आज कोणी काय केलं ते एका ओळीत, नावासकट लिहायचं. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात तिन्ही शिफ्टमधून एकच ओळ आली, 'सर्वांनी चांगले काम केले.' वह्या परत पाठवल्या.